शेकडा कशाचा? : मंठा तालुक्याच्या व्यवहारातील टक्केवारी, प्रमाण आणि नकाशा

जालना जिल्ह्याच्या पूर्व टोकाला मंठा तालुका वसलेला आहे. त्याच्या पूर्वेस परभणी जिल्ह्यातील जिंतूर आणि उत्तरेस बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा परभणी जिल्ह्यातून आलेल्या परतूर तालुक्यात हा भाग मोडत होता; स्वतंत्र तालुक्याचा दर्जा त्यास पुढे मिळाला. सोयाबीन, कापूस व तूर ही येथील प्रमुख पिके असून ती बहुतांशी पावसावर अवलंबून असतात. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत जालना जिल्ह्यातील भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा या पाच तालुक्यांचा समावेश होता. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि गरजेच्या गावी टँकर अशा सवलती त्यामुळे लागू झाल्या.

दुष्काळ हा आभाळाचा आणि मातीचा विषय असला, तरी तो जाहीर होतो तो आकड्यांच्या आधारे, आणि त्यातून मिळणारा दिलासाही आकड्यांतूनच गावापर्यंत पोहोचतो. पावसाची टक्केवारी, पिकाची पैसेवारी, विम्याचा जोखीमस्तर, कर्जाचा व्याजदर, टँकरच्या पाण्यात टाकावयाच्या पावडरीचे प्रमाण हे सर्व गणित सातवीच्या पुस्तकातलेच होय. तरीही या हिशेबांवरून ग्रामसभेत आणि तहसील कचेरीत वाद होतात. बारकाईने पाहिले असता असे दिसते, की यातील फारच थोडे वाद गुणाकार-भागाकाराच्या चुकांमुळे उद्भवतात. टक्के कशाचे, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. शंभर कशाला मानले ते ठाऊक नसेल, तर नुसत्या पंचवीस किंवा पन्नास या आकड्यास अर्थ उरत नाही.

वीजबिलाचेच उदाहरण घ्यावे. समजा, एका शेतकऱ्याच्या पंपाचे चालू बिल ४,००० रुपये असून मागील थकबाकी २६,००० रुपये आहे. बिलाच्या तळाशी ३०,००० हा आकडा दिसतो आणि त्यावर ३३.५ टक्के सूट मिळून १०,०५० रुपये कमी होतील अशी समजूत होते. सवलत मात्र चालू बिलावर आहे. म्हणून ती १,३४० रुपयेच येते. आदेशातील ‘चालू’ हा एक शब्द येथे ८,७१० रुपयांचा फरक पाडतो. तो शब्द आधीच समजावून सांगितला, तर वीज कार्यालयात होणारी बाचाबाची पुष्कळ अंशी टळेल.

पावसाची टक्केवारी

चाळीस तालुक्यांच्या घोषणेनंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, उर्वरित तालुक्यांतील महसूल मंडळांचा स्वतंत्र विचार झाला. ज्या मंडळांत जून ते सप्टेंबर या काळातील पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहूनही कमी होता, अशा १,०२१ मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करण्यात आली. या वाक्यातील ‘आणि’ महत्त्वाचा आहे. कोकणातील एखाद्या मंडळाची सरासरी ३,००० मिलिमीटर असून तेथे २,००० मिलिमीटर पाऊस झाला, तर टक्केवारी ६७ च्या आत येते. परंतु दुसरी अट पूर्ण होत नाही. उलट ज्या मंडळाची सरासरी ६०० मिलिमीटर आहे, तेथे ४४४ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो ७४ टक्के भरतो व मंडळ पात्र ठरते; ४५६ मिलिमीटर झाल्यास तो ७६ टक्के होऊन मंडळ बाहेर राहते. दोहोंतील अंतर अवघे १२ मिलिमीटर, म्हणजे श्रावणातील एखाद्या सरीएवढे. पर्जन्यमापक कोठे बसविले आहे, त्याची नोंद वेळेवर घेतली जाते काय, याविषयी गावकरी आग्रही असतात ते उगाच नव्हे.

‘पंचवीस टक्के पाऊस’ आणि ‘पंचवीस टक्के तूट’ यांतील गल्लत तर नेहमीचीच. तूट २५ टक्के असेल तर पाऊस ७५ टक्के असतो. टिपणी लिहिणाऱ्याने हे दोन्ही आकडे लिहावेत. जागा फारशी लागत नाही.

याहून सूक्ष्म चूक सरासरी काढताना होते. समजा, दोन मंडळे आहेत. एकाची सरासरी ५०० मिलिमीटर व प्रत्यक्ष पाऊस ३०० मिलिमीटर, म्हणजे ६० टक्के. दुसऱ्याची सरासरी ७०० व पाऊस ६३०, म्हणजे ९० टक्के. ६० आणि ९० यांची सरासरी ७५ येते. परंतु दोन्हींचा पाऊस मिळून ९३० आणि सरासरी मिळून १,२०० धरली, तर टक्केवारी ७७.५ होते. ज्या टक्केवाऱ्यांचे आधार वेगवेगळे आहेत त्यांची सरळ सरासरी काढणे चुकीचे असते. शाळांची उपस्थिती, लसीकरण, करवसुली यांच्या तालुकास्तरीय तक्त्यांतही हीच चूक आढळते. पाच घरांच्या वस्तीची शंभर टक्के वसुली आणि पाचशे घरांच्या गावाची चाळीस टक्के वसुली यांची सरासरी सत्तर टक्के दाखविणारा तक्ता पाहणाऱ्यास सुखावतो. ग्रामपंचायतीच्या तिजोरीत मात्र तेवढा पैसा आलेला नसतो.

सोळा आण्यांपासून पैसेवारीपर्यंत

पीक किती आले हे सांगण्याची जुनी रीत आण्यांची. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, निम्मे म्हणजे आठ आणे, पाव म्हणजे चार आणे. यावरूनच ‘आणेवारी’ हा शब्द आला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले व कालांतराने आणेवारीची पैसेवारी झाली. आठ आण्यांचे पन्नास पैसे झाले. मूळ कल्पना तीच राहिली. प्रत्यक्ष उत्पन्नाचे प्रमाण उत्पन्नाशी असलेले गुणोत्तर म्हणजे पैसेवारी. या गुणोत्तरावरून लढे झाले आहेत. १९१८ मधील गुजरातेतील खेडा सत्याग्रहात पीक चार आण्यांहून कमी आले आहे की अधिक, हाच वादाचा मुद्दा होता. कारण ते चार आण्यांच्या आत असल्यास साऱ्याची वसुली तहकूब करण्याचा नियम होता. सरकारी अंदाज व शेतकऱ्यांचा अंदाज जुळत नव्हता.

महाराष्ट्रात पन्नास पैशांची रेषा दीर्घकाळ टंचाईची रेषा मानली गेली. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा अशा निर्देशांकांवर दुष्काळ ठरविण्याची पद्धत आली. तथापि पिकाचा अंदाज बांधण्यासाठी शेतात उतरून पीक कापून पाहण्यास पर्याय मिळालेला नाही, आणि पीकविम्याच्या दृष्टीने तर या कापणी प्रयोगांचे महत्त्व वाढलेच आहे.

या प्रयोगाचे गणित सरपंचापासून शिक्षकापर्यंत प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहण्यासारखे आहे. समजा, सोयाबीनच्या शेतात १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा आखला. त्याचे क्षेत्र ५० चौरस मीटर. एका हेक्टरमध्ये १०,००० चौरस मीटर असतात. म्हणजे हा तुकडा हेक्टरचा दोनशेवा भाग झाला. त्यातून २.७ किलो दाणा निघाला, तर हेक्टरी उत्पन्न ५४० किलो, म्हणजे ५.४ क्विंटल. प्रमाण उत्पन्न १२ क्विंटल धरले असेल तर पैसेवारी ४५ येते. दाणा ३.३ किलो निघाला तर हेक्टरी ६.६ क्विंटल होऊन पैसेवारी ५५ येते. पन्नासच्या अलीकडे की पलीकडे, याचा निर्णय येथे ६०० ग्रॅम दाण्याने होतो. तराजूतील शंभर ग्रॅमची चूक हेक्टरी वीस किलोची चूक बनते. लांबीची दोरी दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांनी सैल धरली, तर तुकडा १०.५ मीटर बाय ५.२५ मीटर होतो व क्षेत्र ५५.१ चौरस मीटर भरते, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडे अधिक. पीक तेवढेच वाढलेले दिसते आणि शेतकऱ्याचा तोटा होतो. दोरी आखडली तर उलट घडते. म्हणून तुकडा आखताना व वजन करताना गावातील प्रतिनिधींनी बांधावर केवळ उभे न राहता दोरीचे दुसरे टोक हातात घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

विमा मिळाला, पण इतका थोडा का?

ही तक्रार प्रत्येक हंगामानंतर ऐकू येते. तिचे उत्तर पुष्कळदा उंबरठा उत्पन्न या संकल्पनेत सापडते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणतात. जोखीमस्तर ७० टक्के असेल आणि सरासरी हेक्टरी १५ क्विंटल असेल, तर उंबरठा उत्पन्न १०.५ क्विंटल. भरपाई मोजली जाते ती या उंबरठ्यापासून. मंडळाचे प्रत्यक्ष उत्पन्न ८.४ क्विंटल आले, तर उंबरठ्याच्या मानाने तूट २.१ क्विंटल, म्हणजे २० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये असल्यास भरपाई १०,००० रुपये येते.

शेतकऱ्याच्या मनातील आधार मात्र १५ क्विंटलचा असतो. त्याच्या दृष्टीने उत्पन्न १५ वरून ८.४ वर आले, म्हणजे ४४ टक्क्यांची घट झाली. मग भरपाई वीसच टक्के कशी? दोन्ही आकडे बरोबर आहेत, त्यांचे शंभर वेगळे आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. उत्पन्न मोजले जाते ते मंडळाचे, एकट्या शेताचे नव्हे. एखाद्याचे शेत पूर्ण बुडाले तरी मंडळाचे उत्पन्न उंबरठ्याच्या वर राहिल्यास या हिशेबात भरपाई शून्य येते. ही रचना शेतकऱ्यास पसंत पडो वा न पडो, हप्ता भरण्यापूर्वी ती त्यास ठाऊक असली पाहिजे. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एका रुपयात दिला जाणारा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद होऊन धान्य व गळीत पिकांसाठी संरक्षित रकमेच्या दोन टक्के हप्ता पुन्हा आला आणि भरपाईचा भर पीक कापणी प्रयोगावर आला. वरील ६०० ग्रॅमचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढले.

नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी पिकाचे किमान ५० टक्के नुकसान झालेले असावे, ही अट २०१५ मध्ये ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. ही अट किती टक्क्यांनी उतरली? पन्नासातून तेहेतीस वजा करून सतरा असे उत्तर येते आणि ते शंभरपैकी सतरा अंकांची घट एवढ्याच अर्थाने खरे आहे. मूळ पन्नासच्या मानाने पाहिल्यास ती घट ३४ टक्के आहे. वर्तमानपत्रांतील मथळ्यांत हे दोन अर्थ सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

बाजारात आणि पेढीवर

सोयाबीन बाजारात नेले की ओलाव्याचा प्रश्न येतो. आधारभूत किमतीने खरेदी करताना ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असावा असा दंडक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली गेली. समजा, १०० किलो सोयाबीनमध्ये २० टक्के ओलावा आहे. तो १२ टक्क्यांवर आणला तर वजन किती भरेल? वीसमधून बारा गेले आठ, म्हणून ९२ किलो, असे उत्तर घरोघरी मिळते. ते बरोबर नाही. शंभर किलोत कोरडा भाग ८० किलो आहे आणि वाळविताना तो कमी होत नाही. वाळल्यावर हाच ८० किलो भाग नव्या वजनाचा ८८ टक्के असावयास हवा. म्हणून वजन ८० भागिले ०.८८, म्हणजे ९०.९ किलो. एका क्विंटलमागे एक किलोहून अधिक फरक पडतो. पन्नास क्विंटल माल असलेल्याला तो अर्ध्या क्विंटलहून जास्त जाणवेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये होती, यावरून त्या अर्ध्या क्विंटलाचे मोल काढता येते.

व्याजाच्या बाबतीत शंभरासोबत काळाचाही आधार सांगावा लागतो. गावात ‘शेकडा दोन’ म्हटले की ते दरमहा दोन रुपये समजावयाचे असतात. बँकेचे सात टक्के हे दरसालचे. कानाला दोन लहान आणि सात मोठे वाटते. दहा हजार रुपये आठ महिन्यांसाठी शेकडा दोनने घेतले तर व्याज १,६०० रुपये होते. दरसाल सात टक्क्यांनी तेवढ्याच काळाचे ४६७ रुपये. शिवाय तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास केंद्राची तीन टक्क्यांची आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची सवलत मिळून व्याज शून्यावर येते. सातवी-आठवीच्या मुलांना सरळव्याजाची उदाहरणे देताना शिक्षकांनी हे एक उदाहरण अवश्य द्यावे. ते मुलांच्या तोंडून घरी पोहोचेल.

एकच चिन्ह, तीन अर्थ

गुणोत्तराचे दोन ठिपके खतांच्या पिशवीवरही असतात, कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतही असतात आणि गवंड्याच्या बोलण्यातही. ‘१०:२६:२६’ ही पिशवीवरील टक्केवारी आहे. ५० किलोच्या पिशवीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. ‘३०:६०:३०’ अशी शिफारस असेल तर ते हेक्टरी किलो आहेत. आणि काँक्रीटचे ‘१:२:४’ हे भाग आहेत, तेही आकारमानाचे : एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. सिमेंटच्या ५० किलोच्या पिशवीचे आकारमान सुमारे ३५ लिटर धरतात. त्यास ७० लिटर वाळू व १४० लिटर खडी हवी. वाळू-खडी पाट्यांनी मोजताना पाटी किती लिटरची, हे ठरविल्याखेरीज ग्रामपंचायतीच्या नालीचे काम प्रमाणात झाले की नाही ते सांगता येणार नाही.

सोयाबीनला हेक्टरी ३०:६०:३० द्यावयाचे ठरले, तर ६० किलो स्फुरदासाठी ४६ टक्के स्फुरद असलेले डीएपी १३० किलो लागते. त्यातच १८ टक्क्यांप्रमाणे २३.५ किलो नत्र येते. उरलेल्या ६.५ किलो नत्रासाठी ४६ टक्के नत्राचा युरिया १४ किलो, आणि पालाशासाठी ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश ५० किलो. आता सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि शेतकरी बोलतो एकरात. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. तेव्हा एकरी डीएपी सुमारे ५३ किलो, म्हणजे एका पिशवीहून किंचित अधिक, युरिया सहा किलोच्या आत आणि पोटॅश २० किलो. हेक्टरची मात्रा नजरचुकीने एकराला दिली तर अडीच पट खत पडते. पैसा जातो आणि पिकाचेही भले होत नाही.

टँकरच्या पाण्यात प्रमाण चुकले तर त्याचा परिणाम थेट आरोग्यावर होतो. समजा, ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम टाकावयाची आहे. दहा हजार लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम. ही पावडर उघडी राहिली, ओल लागली, की तिच्यातील क्लोरीन उडून जातो. तो २० टक्क्यांवर आला असेल, तर तोच परिणाम साधण्यासाठी ५० गुणिले ३३ भागिले २०, म्हणजे ८२.५ ग्रॅम पावडर हवी. हे व्यस्त प्रमाण होय. पोत्यावर छापलेली टक्केवारी पावडर बनली त्या दिवसाची असते. आजची टक्केवारी तपासणीनेच कळते.

ग्रामसभेच्या गणपूर्तीचाही नियम थोडक्यात सांगण्यासारखा आहे : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. पाचशे मतदारांच्या गावी ७५ जण पुरतात. नऊशेच्या गावी १३५ न लागता शंभरच.

नकाशावरील एक इंच

टंचाईच्या काळात पाझर तलाव, नाला खोलीकरण, पाणंद रस्ते यांचे प्रस्ताव तयार होतात आणि त्यासाठी गावाचा नकाशा उलगडला जातो. पुष्कळ जुने गाव नकाशे एक इंचास ६६० फूट या मापाचे आहेत. ६६० फुटांचे ७,९२० इंच होतात, म्हणून हेच माप १:७९२० असे लिहितात. ६६० हा आकडा सहज निवडलेला नाही. तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि ६६० फुटांच्या चौरसाचे क्षेत्र ४,३५,६०० चौरस फूट, म्हणजे बरोबर दहा एकर. नकाशावरील एक चौरस इंच म्हणजे दहा एकर, हे एकदा लक्षात आले की आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून शिवाराचे क्षेत्र शाळेतील मुलेही काढू शकतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० मापाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तेथे एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ हेक्टर.

लांबी आणि क्षेत्र यांची पटी वेगळी असते, हे येथे विसरून चालत नाही. नकाशाची झेरॉक्स निम्म्या आकाराची काढली तर लांबी निम्मी होते आणि क्षेत्र चौथा हिस्सा. मूळ नकाशात चार चौरस इंच व्यापणारे ४० एकरांचे गायरान आता एका चौरस इंचात बसते. कोपऱ्यातील ‘एक इंचास ६६० फूट’ ही ओळ मात्र तशीच राहते, आणि तिच्यावर विसंबून मोजणाऱ्याच्या हिशेबी तेच गायरान दहा एकरांचे ठरते. पानावर मावावा म्हणून नकाशा ७० टक्क्यांवर आणला असेल, तर क्षेत्र ४९ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी, दिसते. म्हणून प्रत काढण्यापूर्वी मूळ नकाशावर शाईने एक मापपट्टी आखून तिच्यावर फूट किंवा मीटर लिहून ठेवावेत. प्रत लहान-मोठी झाली तरी पट्टी तिच्याबरोबरच लहान-मोठी होते. तशी पट्टी नसलेली प्रत हाती आली, तर नकाशावर सापडणाऱ्या दोन खुणांमधील, जसे की दोन हद्दीच्या दगडांमधील, प्रत्यक्ष अंतर टेपने मोजावे आणि त्यावरून त्या प्रतीचे माप नव्याने काढून तिच्या कोपऱ्यात लिहावे.